आरव्ही घेऊन यलोस्टोन: कॅम्पग्राउंडवर राहताना काय काय वाट्याला येतं? (सोबत आई-बाबा)

ओंकार_ऑस्टिन
नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटच्या आठवड्यात सॉल्ट लेक सिटीहून २८ फुटी क्लास सी आरव्ही (ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेलं फिरतं घर) भाड्याने घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्कला जायचा बेत आहे. आम्ही दोघं, मुलं ९ आणि ५ वर्षांची, आणि भारतातून आलेले आई-बाबा. एकूण ६ रात्री. आयुष्यात आरव्हीत पाऊल ठेवलेलं नाही, यूट्यूबवर मात्र भरपूर पाहून झालंय.

जागेचं बजेट रात्रीला ६० डॉलर, अगदी ताणून ६५. पार्कच्या आत मॅडिसनला २ रात्री मिळाल्यात, पण तिथे वीज, पाणी, ड्रेनेज यातली एकही जोडणी नाही. उरलेल्या ४ रात्री कुठे काढाव्यात? बाबांना झोपताना सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडकू नये म्हणून हवा सोडणारं) लागतं. आईला थंडी सोसत नाही. आणि ते संडासाची टाकी रिकामी करायचं प्रकरण खरंच तितकं भयंकर असतं का?

रानभूल
फिशिंग ब्रिज. डोळे मिटून. यलोस्टोनच्या आत तिन्ही जोडण्या असलेलं ते एकमेव कॅम्पग्राउंड. अस्वलांचा वावर असल्याने तिथे तंबू किंवा कापडी भिंतींचे ट्रेलर चालत नाहीत, फक्त पक्क्या भिंतींच्या गाड्या. आम्ही ४ रात्री होतो, स्वर्ग! बजेटच्या वर जाईल, पण रोज रोज कुठे जातो आपण.

ओंकार_ऑस्टिन
धन्यवाद. पण आमच्या तारखांना ते पूर्ण भरलंय. रोज सकाळी उठून पाहतो.

रानभूल
आम्ही खूप आधी केलं होतं बुकिंग.

तिरकस_बाण
ही माहिती त्यांना आता फारच उपयोगी पडेल.

भटके_काका
टाकीबद्दल कोणी बोलत नाहीये म्हणून मीच बोलतो. जेवत असाल तर नंतर वाचा.

दोन टाक्या असतात. काळी म्हणजे संडासाची, करडी म्हणजे सिंक आणि शॉवरची. आधी काळी सोडायची, मग करडी, म्हणजे करड्या पाण्याने नळी आपोआप धुतली जाते. आता माझा पराक्रम. पहिल्याच ट्रिपला तिन्ही जोडण्या असलेली जागा मिळाली. म्हटलं, नळी जोडलेलीच आहे तर दोन्ही झडपा उघड्याच ठेवू, घरच्यासारखं. करड्या टाकीचं तसं केलं तर फारसं बिघडत नाही. काळीची झडप उघडी ठेवली की पाणी तेवढं निघून जातं आणि बाकीचा ऐवज आत डोंगर करून बसतो. परतीच्या दिवशी बादल्याच्या बादल्या ओतत होतो आणि बायको लांब उभी राहून ओळख नसल्यासारखं करत होती. झडप बंद ठेवा, टाकी निदान अर्ध्याच्या वर भरू द्या, आणि मगच एकदम सोडा.

दुसरं, नळीचं टोपण काढण्याआधी झडप बंद आहे ना हे हाताने तपासा. का, ते विचारू नका. हातमोजे घ्या. डंप स्टेशनवर, म्हणजे टाक्या रिकाम्या करायच्या जागी, बऱ्याचदा दोन नळ असतात, त्यातला घाण नळी धुवायचा नळ वेगळा, पाटी वाचा. पिण्याच्या पाण्याची नळी पांढरी किंवा निळी येते, ती वेगळ्या कप्प्यात ठेवा.

मीठमिरची
काकांना अनुमोदन. शिवाय सिंकमध्ये तेलकट, हळदीचं, डाळीचं काही सोडू नका. करडी टाकी काळीपेक्षा जास्त वास मारते हे कोणी सांगत नाही. आम्ही ताटं आधी पेपर टॉवेलने पुसून घ्यायचो.

स्वयंपाकाबद्दलही सांगते. फोडणी बाहेर करा. आत मोहरी तडतडली की स्मोक अलार्म कोकलतो. आणि कुकर! आम्ही सकाळी साडेसहाला खिचडी लावली, तिसऱ्या शिट्टीला शेजारचे आजोबा ड्रेसिंग गाउनमध्ये दारात. फार सभ्यपणे विचारलं, काही धोक्याची सूचना आहे का? शांततेचे तास साधारण रात्री १० ते सकाळी ६ किंवा ७ असतात, आणि लोक ते मनापासून पाळतात.

तंबूवाला
कॅम्पिंग म्हणजे तंबू. एसी, मायक्रोवेव्ह, टीव्ही घेऊन जंगलात जायचं तर घरी काय वाईट होतं? विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच.

तिरकस_बाण
विंचवाला निदान काळी टाकी नसते.

नर्मदातीर
अवांतर: आरव्हीला मराठी शब्द काय? घरगाडी कसा वाटतो?

भटके_काका
आमच्याकडे टाकीवालं घर म्हणतात.

सौ_फिरस्ती
ओंकार, एवढ्या दूर जाताच आहात तर वर ग्लेशियर नॅशनल पार्कही करून टाका. गोइंग टू द सन रोडसारखा रस्ता जगात नाही. आम्ही ७ दिवसांत दोन्ही केलं, शिवाय ग्रँड टेटन पार्क.

रानभूल
२८ फुटी गाडी घेऊन? त्या रस्त्याच्या मधल्या टप्प्यावर २१ फुटांपेक्षा लांब किंवा ८ फुटांपेक्षा रुंद गाडीला बंदी आहे.

सौ_फिरस्ती
आम्ही एसयूव्हीने गेलो होतो.

तिरकस_बाण
मग आरव्हीच्या धाग्यावर...

सौ_फिरस्ती
अहो, आरव्हीही केली आहे आम्ही, युटाहमध्ये. आणि तोच अनुभव सांगणार होते, पण कोणी बोलू देईल तर ना. माझ्या सासऱ्यांना सीपॅप आहे. वीज नसलेल्या जागी राहिलो. रात्री कडाक्याची थंडी, फर्नेस (गाडीतलं हीटर) चालू, सीपॅप चालू. सगळं मजेत. पहाटे साडेतीनला गाडीची बॅटरी मान टाकू लागली. आधी गॅस डिटेक्टर टुकटुक करायला लागला, मग फर्नेसचा पंखा मंदावला, मग सीपॅप बंद. जनरेटर लावावा तर शांततेचे तास. सासरे उरलेली रात्र पुढच्या सीटवर बसून होते, अंगावर दोन गोधड्या. मी तरी परत वीज नसलेल्या जागी जाणार नाही. मॅडिसन रद्द करा.

तारा_जोडी
ताईंचं बरोबर आहे, पण कारण समजून घ्या. फर्नेस प्रोपेनवर चालते, त्यामुळे वीजजोडणी नसली तरी ऊब मिळते. पण तिचा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर असतो आणि तोच रात्रभर बॅटरी खातो. सीपॅपमध्ये खरा खादाड भाग म्हणजे ह्युमिडिफायरचं (हवा ओलसर करणाऱ्या भागाचं) हीटर. ते बंद ठेवून मशीन १२ व्होल्टच्या डीसी अडॅप्टरवर चालवलं तर खप खूप कमी होतो. अर्थात ह्युमिडिफायर बंद चालेल का हे बाबांच्या डॉक्टरांना विचारा. नाहीतर वेगळं पोर्टेबल पॉवर स्टेशन फक्त सीपॅपसाठी ठेवा आणि दिवसा चार्ज करा. मॅडिसनला जनरेटरची मुभा सकाळी ८ ते रात्री ८ एवढीच आहे.

जिथे वीज मिळेल तिथे ३० अँपियर की ५० अँपियर हे बुकिंग करताना पाहा. भाड्याच्या क्लास सी बहुधा ३० वर असतात. ३० गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३,६०० वॅट, बस. स्पेस हीटर १,५०० आणि चहाची किटली १,५००, त्यात मुलांनी मायक्रोवेव्ह लावला की अंधार. एका वेळी एकच चैन करा. जागेवरच्या विजेच्या खांबावर आधी सर्ज प्रोटेक्टर (विजेच्या झटक्यापासून वाचवणारं उपकरण) लावा, मग गाडीची वायर. जुन्या पार्कांमधलं वायरिंग कसं असेल याचा भरवसा नसतो.

ओंकार_ऑस्टिन
हे फार उपयोगी आहे. बाबांच्या मशीनला डीसी अडॅप्टर मिळतो का बघतो. पण जूनअखेर खरंच एवढी थंडी असते?

रानभूल
असते. फिशिंग ब्रिज जवळजवळ ७,८०० फुटांवर आहे. दुपारी टी-शर्ट, पहाटे कानटोपी. फिशिंग ब्रिजला आम्ही रात्रभर हीटर लावून...

तिरकस_बाण
फिशिंग ब्रिज भरलंय हो.

नवा_गडी
तुम्हाला मॅडिसन कसं मिळालं? मी महिनाभर प्रयत्न करतोय.

ओंकार_ऑस्टिन
कोणीतरी रद्द केलं असावं. रात्री सहज पाहिलं तर दिसलं.

मीठमिरची
मॅडिसनला शॉवर नाहीत हे लक्षात घ्या! फ्लशचे संडास आहेत, आंघोळीची सोय नाही. म्हणजे सहा जणांच्या आंघोळी गाडीत. भाड्याच्या गाडीतला गिझर साधारण ६ गॅलनचा असतो, २३ लिटरच्या आत-बाहेर. एकाचं डोकं धुवून होतं, दुसऱ्याच्या वाट्याला कोमट. आमच्याकडे "अंग भिजवा, नळ बंद, साबण, नळ चालू" अशी शिस्त होती. सासूबाई म्हणाल्या, यापेक्षा दुष्काळातली तांब्याची आंघोळ बरी.

डॉलरमोजे
६० डॉलरमध्ये जूनअखेर यलोस्टोनच्या दारात वीज-पाणी? शुभेच्छा. आम्ही वेस्ट यलोस्टोन गावातल्या एका खाजगी आरव्ही पार्कात ११० मोजले. जागा म्हणजे पार्किंगचा पट्टा. शेजाऱ्याने दार उघडलं की आमच्या खिडकीला. वायफाय होतं, म्हणजे पाटी होती. चेक-इन दुपारी २ नंतर, चेक-आउट ११ ला, आणि अर्धा तास आधी पोचलो म्हणून गेटबाहेर उभं केलं.

पण सोय पूर्ण होती हे कबूल. लॉन्ड्री, गरम शॉवर, मुलांना खेळायला जागा. आणि पुल-थ्रू जागा घ्या, म्हणजे एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. पहिल्याच दिवशी अंधारात २८ फूट रिव्हर्स घ्यायची हौस नको. क्लास सीचा मागचा भाग चाकांच्या खूप मागे असतो, वळताना तो बाहेर झुलतो. माझ्या डिपॉझिटमधले ४०० डॉलर एका लाकडी खांबाला लागून आहेत.

सौ_फिरस्ती
नॅशनल पार्कांच्या प्रवेशाचा सीनियर पास काढा, वर्षभराचा घेतला तर साध्या वार्षिक पासपेक्षा खूप स्वस्त. सरकारी कॅम्पग्राउंडवर बऱ्याच ठिकाणी निम्मी सवलतही मिळते.

डॉलरमोजे
तो अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डवाल्यांनाच, वय ६२ किंवा जास्त. व्हिजिटर व्हिसावरच्या आई-बाबांना नाही.

सौ_फिरस्ती
आमच्या सासऱ्यांना मिळाला होता.

डॉलरमोजे
त्यांना ग्रीनकार्ड असेल.

सौ_फिरस्ती
हो, आहे. मग?

भटके_काका
सीटबेल्टचं कोणी बोललं का? "सहा जण झोपतात" आणि "सहा जण बसतात" यात फरक आहे. बेल्टवाल्या सीटा मोजून घ्या. पाच वर्षांच्या मुलाची चाइल्ड सीट तोंड पुढे असलेल्या सीटवरच बसवायची, कडेच्या आडव्या बाकावर नाही. आणि चालत्या गाडीत "आजी जरा मागे आडवी होते" हे मनातून काढून टाका.

अजून एक. फळीच्या ठोकळ्यांवर गाडी समतल करा. प्रोपेनवर चालणारा फ्रीज तिरका राहिला की नीट थंड होत नाही, आमचं तीन दिवसांचं दही त्यात गेलं.

तंबूवाला
तंबूत दही नसतं, प्रश्नच नाही.

रानभूल
तंबूवाले, तुम्हाला फिशिंग ब्रिजला आत घेणार नाहीत एवढं नक्की. आणि सगळ्यांसाठीच: कूलर, भांडी, पाण्याचे जग, काहीही रात्री बाहेर ठेवायचं नाही, रिकामं असलं तरी. अस्वलापासून १०० यार्ड, गव्यापासून (म्हणजे बायसनपासून) २५ यार्ड लांब राहा. गवा कॅम्पग्राउंडमध्ये निवांत फिरतो, मुलांना आधीच सांगून ठेवा. सरपण घरून नेऊ नका, लाकडातून किडी पसरतात, तिथेच विकत घ्या.

डॉलरमोजे
एक सगळ्यात मोठी गोष्ट राहिली. आरव्हीच तुमची गाडीही असते. गीझर (जमिनीतून उसळणारे गरम पाण्याचे फवारे) पाहायला निघायचं तर वीज काढा, पाणी काढा, ड्रेनेज काढा, कपाटं लावा, खुर्च्या भरा, रोज. आणि मिडवे गीझर बेसिनसारख्या ठिकाणी सकाळी १० नंतर साध्या कारला पार्किंग मिळत नाही, २८ फुटांना कोण विचारतो. सोबत छोटी कार असेल तर गोष्ट वेगळी.

तारा_जोडी
हे मात्र लाख बोललात.

ओंकार_ऑस्टिन
मंडळी, काल घरी बैठक झाली. हा धागा बाबांना वाचून दाखवला. काकांच्या टाकीच्या गोष्टीला ते मनापासून हसले. मग म्हणाले, "तुला एवढं शिकवलं, आता तू नळी धरून उभा आणि मी खिडकीतून बघतोय, हे काही मला जमायचं नाही." आईने फक्त आंघोळीचं पाणी किती ते विचारलं.

तर आरव्ही रद्द. मिनीव्हॅन घेतोय. वेस्ट यलोस्टोनजवळच्या कॅम्पग्राउंडवर दोन खोल्यांची लाकडी केबिन मिळाली, वीज आहे, हीटर आहे, संडास-शॉवर थोडं चालत जाऊन सामायिक, अंथरूण-पांघरूण आपलं आपण न्यायचं. रात्रीचे १३० डॉलर, म्हणजे माझ्या बजेटच्या दुप्पट. पण आरव्हीचं भाडं, मैलांचे पैसे आणि पेट्रोल धरलं तर एकूण खर्च कमीच येतोय. मुलं कालपासून बोलत नाहीयेत माझ्याशी. फोडणी बाहेर, कुकर सातनंतर, हे लिहून घेतलंय.

भटके_काका
म्हणजे माझी अब्रू गेली ती गेलीच.

रानभूल
केबिनमध्ये आरव्हीची मजा नाही. पुढच्या वर्षी फिशिंग ब्रिज बघा.

तंबूवाला
आलात की अर्ध्या वाटेवर.

सौ_फिरस्ती
रात्री त्या सामायिक संडासाला जाताना आईंसाठी टॉर्च ठेवा, आणि सासऱ्यांसाठी, म्हणजे तुमच्या बाबांसाठी, एक्स्टेंशन कॉर्ड. केबिनमध्ये प्लग पलंगाजवळ असेलच असं नाही.

नवा_गडी
ओंकार, मॅडिसनच्या त्या दोन रात्री रद्द केल्यात का अजून? कुठल्या तारखा? विपू (विचारपूस, म्हणजे खाजगी निरोप) केलीय, कृपया बघा. आमच्याकडे सीपॅप नाही.