'थेरडी' : अर्थ आणि मूळ

"मावशी, थेरडी म्हणजे नुसतं म्हातारी ना? मग ते शिवीसारखं का लागतं?" भाचीने परवा विचारलं. निमित्त खंडेराव मार्केटातलं. आई सुरती पापडी घेत होती, एकेक शेंग दाबून, आत दाणा भरलाय का बघत. मागून स्कूटरवाला हॉर्न वाजवत आला आणि पुटपुटला, "ही थेरडी वाट अडवून उभी." मराठीत बोललं की बडोद्यात कुणाला कळत नाही, असं त्याला वाटलं असणार. आईला कळलं. हातातली शेंग तिने परत टोपलीत टाकली.

म्हणून मुळापासून सांगते. संस्कृत 'स्थविर' म्हणजे वृद्ध, वडीलधारा. त्याचं प्राकृतात, पालीत 'थेर' झालं. बौद्ध संघातले ज्येष्ठ भिक्षू ते थेर, ज्येष्ठ भिक्षुणी त्या थेरी. थेरवाद हे नावही त्यातलंच. मधली पायरी तर आपल्या गुजरातेतच दगडावर कोरलेली आहे! गिरनारच्या शिलालेखात, आठव्या लेखात, अशोकाच्या धर्मयात्रेचं वर्णन आहे; तिथे 'थैरानं दसणे' असे शब्द येतात. थैर, म्हणजे वृद्ध. त्यांचं दर्शन घ्यायचं आणि त्यांना सोनं द्यायचं. स्थविर, थैर, थेर. त्याच 'थेर'ची आपण थेरडी केली.

'म्हातारी'सुद्धा 'महत्तर'वरून आली. महत्तर म्हणजे अधिक मोठा, गावातला मानकरी.

मग बिघडलं कुठे? मला वाटतं, त्या 'ड'मध्ये. हा प्रत्यय मुखडा, जिवडा यांत लाडाचा आहे, 'बापडी'त कणवेचा. थेरडीत मात्र तो तुच्छतेचा झाला. वापरातही फरक आहे. पुरुषाला 'थेरडा' म्हणतात ते बहुतेकदा त्याने वयाला न शोभणारं काही केलं म्हणून. बाईला वाटेत उभं राहिलं तरी पुरतं. हे मला फार लागतं.

गुजरातीत म्हातारीला 'डोशी' म्हणतात; तो शब्दही तुटकपणे म्हटला तर बोचतो. पण त्याला 'मा' जोडून डोशीमा म्हणायची सोय तिथे आहे. 'थेरडी'ला आपण असं काहीच जोडलेलं नाही.

त्या दिवशी पापडीवालीला मराठी कळलं असेल-नसेल, आईचा चेहरा कळला. टोपली पुढे सरकवत ती म्हणाली, "बा, निरांते जुओ." आई, निवांत बघा. आईने पुन्हा एक शेंग उचलली.