एनएफटी विकला, म्हणजे चित्राचे हक्कही विकले गेले का?

प्रश्न (नाशिकची चित्रकार):
२०२२ मध्ये मी टॅबलेटवर काढलेल्या गोदाघाटाच्या चित्राचा एनएफटी (त्या चित्राशी जोडलेले एकमेव डिजिटल टोकन) एका संकेतस्थळावर विकला. गेल्या आठवड्यात तेच चित्र दुकानात शाळेच्या वह्यांच्या मुखपृष्ठावर दिसले. उजव्या कोपऱ्यातली माझी सही तेवढी कापलेली होती. खरेदीदाराचे म्हणणे असे की, चित्र त्याने विकत घेतले आहे, तेव्हा त्याचे काय करायचे ते तोच ठरवणार. आमच्यात लेखी करार झालेला नाही. माझा काही हक्क उरला आहे का?

उत्तर १:
चित्र कोणी मोबदला देऊन तुमच्याकडून काढून घेतले नसेल, तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे त्याच्या कॉपीराइटच्या प्रथम मालक तुम्हीच आहात, आणि कलम १९ प्रमाणे तो हक्क दुसऱ्याच्या नावे करण्यासाठी तुमच्या सहीचा लेख लागतो. ब्लॉकचेनवर, म्हणजे अनेक संगणकांवर ठेवलेल्या सामायिक डिजिटल नोंदवहीत, बदलते ती टोकनधारकाची नोंद; चित्राची फाइल बहुधा तिथे नसतेच, टोकनमध्ये तिचा केवळ पत्ता असतो. मार्च २०२१ मध्ये डिजिटल कलाकार बीपल यांची एनएफटी कलाकृती ख्रिस्तीजच्या लिलावात सुमारे ६ कोटी ९३ लाख डॉलरना विकली गेली, तेव्हाही खरेदीदाराला कॉपीराइट मिळाला नव्हता.

उत्तर २:
वरील उत्तर बरोबर आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. मालकी देणे वेगळे आणि वापराचा परवाना देणे वेगळे. कलम ३० खाली परवानाही लेखीच हवा. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यावर सहीची अट राहिलेली नाही. त्यामुळे एनएफटी तयार करताना तुम्ही मान्य केलेल्या अटींमध्ये व्यावसायिक वापराची मुभा असेल, तर खरेदीदार तिचाच आधार घेईल. ‘बोअर्ड एप’ या माकडांच्या चित्रांच्या एनएफटी मालिकेच्या धारकांना अशी मुभा दिलेली आहे. तुमच्या अटी आधी शब्दन् शब्द वाचा.

उत्तर ३:
मला सर्वांत जास्त खटकली ती कापलेली सही. कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी कलम ५७ प्रमाणे कृती आपली असल्याचे सांगण्याचा हक्क कलावंताकडेच राहतो. विज्ञान भवनातील भित्तिशिल्पाची मोडतोड झाली, तेव्हा शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी याच कलमाच्या आधारे केंद्र सरकारविरुद्ध दावा लढवला आणि २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. एक वही पावतीसह विकत घेऊन ठेवा आणि चित्राचे सर्व लेयर (वेगवेगळे थर) असलेली मूळ फाइल जपा.

प्रश्नकर्ती:
सर्वांची आभारी आहे. अटींची प्रत जुन्या ईमेलमध्ये सापडली. तीत खरेदीदाराला केवळ ‘वैयक्तिक, अव्यावसायिक’ वापराची परवानगी आहे. ती प्रत, वही आणि पावती घेऊन सोमवारी वकिलांकडे जात आहे.