टेक्सासच्या हायवेवर ‘इन टो’ लिहिलेल्या गाड्या

प्रश्न: जुन्या पिकअपमागे दुसरी पिकअप, त्यात फ्रिज-गाद्या ठासून भरलेल्या, काचेवर ‘इन टो’ (म्हणजे ‘ओढून नेतोय’). हा काय प्रकार? आणि ऑटोमॅटिक अशी ओढली तर गिअरबॉक्स जळत नाही?

उत्तर १: हे ‘ट्रान्समिग्रांते’. लिलावातल्या स्वस्त गाड्या टेक्सास-मेक्सिको सीमेवरच्या लॉस इंदिओसच्या पुलावरून, मेक्सिको पार करून, ग्वाटेमालाकडे विकायला नेतात. खरी डोकेदुखी कागदांची. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, अमेरिकी कस्टम्सकडे ७२ तास आधी द्यावं लागतं. त्यावरचा १७ अक्षर-आकड्यांचा गाडीचा ओळख नंबर डॅशबोर्डवरच्याशी जुळला नाही, की गाडी अडकली.

उत्तर २: जळतो ना! इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सला ऑइल पुरवणारा पंप बंद. चाकांबरोबर आउटपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून बाहेर येणारा दांडा) मात्र कोरडाच फिरतो. रिअर-व्हील ड्राइव्ह असेल तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा लांब दांडा, काढा. त्याच्या टोकाच्या यू-जॉइंटच्या (वळणाऱ्या सांध्याच्या) वाट्या लगेच टेपने गुंडाळा, आतल्या बेअरिंगच्या सुया सांडल्या की जॉइंट गेलाच. गिअरबॉक्सचं मागचं तोंडही बंद करा, नाहीतर ऑइल रस्त्यावर. फ्रंट-व्हील ड्राइव्हची पुढची चाकं सरळ डॉलीवर (दोन चाकांच्या छोट्या ट्रेलरवर) चढवा.

उत्तर ३: सेफ्टी चेन दोन, कैचीसारख्या. चार चाकांवर ओढताना स्टिअरिंग लॉक उघडं हवं. आणि रिव्हर्स विसराच. मागच्या गाडीची चाकं आडवी वळतात नि टो-बार (दोन गाड्या जोडणारा दांडा) वाकतो.