अनुभव धागा : धंद्यात पडल्यावर काय कळलं?

'उद्योजक व्हायला काय लागतं?' असं विचारलं की जिद्द, चिकाटी, मोठी स्वप्नं ही ठरलेली उत्तरं येतात. ती खोटी नाहीत, पण जिद्द बुडालेल्यांकडेही होतीच की! म्हणून इथे तेवढं वगळून लिहा. दर कसा ठरवलात, पहिलं गिऱ्हाईक कुठून आलं, पैसा कुठे अडकला, माणसं का टिकली किंवा का गेली. धंदा बंद केलेल्यांनी तर जरूर लिहा, त्यांचं कुणी ऐकून घेत नाही.

सुरुवात करून देतो. रिचर्ड कँटिलॉन या अर्थतज्ज्ञाचं लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १७५५ मध्ये छापलं गेलं. त्याच्या मते उद्योजक म्हणजे ठरलेल्या भावाने घेऊन न ठरलेल्या भावाने विकणारा माणूस. या हिशेबाने त्याने शेतकरी, दुकानदार यांच्याबरोबर भिकारी आणि चोरांनाही उद्योजकांत धरलं! हसू येतं, पण मुद्दा पक्का आहे : खर्च नक्की, उत्पन्न अनिश्चित. आता तुम्ही बोला.

यंत्रांचे सुटे भाग बनवतो

माझा विषय एकच, खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा. आमचं गणित असं होतं. कच्चा माल देणारा १५ दिवसांत पैसे मागायचा. माल आणल्यापासून तयार होऊन गाडीत चढेपर्यंत ३० दिवस जायचे. गिऱ्हाईक बिल मिळाल्यावर ६० दिवसांनी पैसे द्यायचं. ३० आणि ६० मिळून ९०, त्यातून १५ वजा. म्हणजे प्रत्येक ऑर्डरमागे ७५ दिवस माझा पैसा बाहेर. त्यात पगार आणि वीजबिल थांबत नाही.

मग एक मोठी ऑर्डर आली, नेहमीच्या दुप्पट. सगळ्यांनी अभिनंदन केलं. कागदावर नफा उत्तम होता आणि पगाराच्या तारखेला खात्यात पैसे नव्हते. धंदा वाढला की भूक वाढते, हे ताळेबंदात लगेच दिसत नाही. आम्ही मोठ्या ऑर्डरला कच्च्या मालापुरता आगाऊ पैसा मागायला लागलो. दोन गिऱ्हाइकं गेली, बाकीच्यांनी कुरकुरत दिला. शिवाय दर सोमवारी एक तक्ता भरतो : पुढच्या १३ आठवड्यांत कोणत्या आठवड्यात किती येणार, किती जाणार. येणाऱ्या रकमेपुढे गिऱ्हाइकाने सांगितलेली तारीख लिहीत नाही, मागच्या वेळी प्रत्यक्षात ज्या चालीने पैसे आले ती चाल धरून लिहितो. त्या एका सवयीने डोक्याचा निम्मा ताप गेला.

संगणक बनवणाऱ्या डेल कंपनीने १९९०च्या दशकात हे चक्र उलटं फिरवलं होतं. गिऱ्हाइकाचे पैसे आधी यायचे, पुरवठादाराचे नंतर जायचे. आपल्याला तेवढं जमणार नाही, पण ७५चे ५० झाले तरी श्वास घेता येतो.

हिशेब लिहिणारी, स्वतःचा धंदा नाही

मी दुसऱ्यांच्या वह्या बघते, म्हणून आगाऊपणे लिहितेय. विक्री थंडावली की सगळ्यांना पहिली सुचते ती सवलत. समजा १०० रुपयांच्या विक्रीत थेट खर्च जाऊन ३० उरतात. १० टक्के सवलत दिली की २० उरतात. आता पहिल्याइतकंच हातात पडायला दीडपट माल विकायला हवा. हे करून दाखवलं की समोरचा गप्प होतो, मग म्हणतो, "पण स्पर्धक देतोय ना!" त्याचा थेट खर्च कमी असेल, किंवा तोही बुडत असेल.

ना नफा ना तोटा हा बिंदू काढायला भाडं, पगार वगैरे ठरलेल्या खर्चाला एका नगामागे उरणाऱ्या रकमेने भागायचं. इतकं सोपं आहे, तरी अनेकांनी काढलेला नसतो. आणि स्वतःचा पगार खर्चात धरतच नाहीत! मालक फुकट राबतो म्हणून जो धंदा नफ्यात दिसतो, तो नफ्यात नाही.

सॉफ्टवेअर, छोट्या दवाखान्यांसाठी

आम्ही कल्पना घेऊन डॉक्टरांकडे जायचो, सगळे म्हणायचे "छान आहे, झालं की सांगा." कौतुक फुकट असतं. मग प्रश्न बदलला. "हे घ्याल का?" ऐवजी "सध्या अपॉइंटमेंटची नोंद कशी ठेवता, दाखवाल?" एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या बाईंनी वही उघडली. तीन रंगांची पेनं, खाडाखोड, वर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. आमच्या यादीतली बरीच वैशिष्ट्यं त्यांच्या कामाची नव्हती. त्यांना हवी होती फक्त रद्द झालेली वेळ दुसऱ्या रुग्णाला पटकन देण्याची सोय. तेवढंच बनवलं आणि बनवण्याआधी तीन महिन्यांचे पैसे मागितले. ज्यांनी दिले ते गिऱ्हाईक, बाकी हितचिंतक.

ऑनलाइन बूट विकणाऱ्या झॅपोज या अमेरिकन कंपनीची सुरुवातही अशीच. १९९९ मध्ये साठा न करता दुकानांतल्या बुटांचे फोटो वेबसाइटवर टाकले आणि ऑर्डर आली की दुकानातून विकत घेऊन पाठवले. त्यात नफा नव्हता, पण लोक न घालून बघता बूट घेतात का, हे गोदाम न बांधता कळलं.

भागीदारीबद्दल, थोडक्यात

मैत्री आहे म्हणून कागद नको, असं म्हणू नका. मैत्री आहे म्हणूनच करा. कोण किती वेळ देणार, मध्येच कुणी सोडलं तर त्याच्या हिश्श्याचं काय, मतभेदात शेवटचा शब्द कुणाचा. हिस्सा पहिल्या दिवशी पूर्ण न देता काही वर्षांत थोडाथोडा हक्काचा होईल, असं ठेवलं तर निम्मी भांडणं होत नाहीत.

नोकरी सोडून, चाळिशीनंतर

उद्योजक तरुण असतो, हे चित्र माझ्या डोक्यात होतं. अमेरिकेतल्या नोंदींवरच्या एका अभ्यासात सर्वांत वेगाने वाढलेल्या ०.१ टक्के नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय ४५ निघालं, आणि त्याच क्षेत्रातला आधीचा अनुभव फायद्याचा ठरला. मला धीर आला, हे कबूल.

धाडसाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ मध्ये भेद केला होता : जोखमीची शक्यता मोजता येते, अनिश्चिततेची नाही. जे मोजताच येत नाही त्यात किती मिळेल याचे तक्ते मांडून काय उपयोग? मी किती गेलं तर चालेल, एवढं ठरवलं. बायकोबरोबर बसून एक रक्कम आणि एक तारीख लिहिली. घर तारण नाही, मुलांच्या शिक्षणाच्या ठेवीला हात नाही. मर्यादा आखल्यावर उलट मोकळेपणाने प्रयोग करता आले.

बंद केला

वरच्यांसारखीच तारीख आम्हीही ठरवली होती. ती आली तेव्हा विक्री वाढत होती, म्हणून थांबणं अवघड गेलं. पण निम्म्याहून जास्त विक्री एकाच गिऱ्हाइकाची होती आणि त्याने दर पाडायला सुरुवात केलेली. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती. पुरवठादारांचे आणि कामगारांचे सगळे पैसे चुकते करून बंद केलं. त्यातल्याच एका पुरवठादाराने पुढे मला नोकरीवर घेतलं, आता त्याची वसुली मी बघतो.

सुटे भागवाल्या दादांना एक विचारायचं आहे : आगाऊ पैसा मागितल्यावर जी दोन गिऱ्हाइकं गेली, ती पैसे वेळेवर देणारी होती की रखडवणारी? आमच्याकडे मोठा ओरडा नेहमी रखडवणाऱ्यांचाच असायचा.