पीडी-१ आणि सुप्त एचआयव्ही: हे औषध अजून का देत नाहीत?

प्रश्न
माझा धाकटा भाऊ नऊ वर्षांपासून एआरटी (एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या गोळ्या) घेतो. त्याच्या रक्तात विषाणू सापडत नाही, तरीही गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागतील असे डॉक्टर सांगतात. कर्करोगावरील इम्युनोथेरपीची औषधे दडलेला एचआयव्हीही बाहेर काढतात असे वाचले. मग ती त्याला का देता येत नाहीत?

उत्तर १
एआरटी नव्या पेशींना होणारा संसर्ग रोखते. पण ज्या सीडी४ स्मृतिपेशींच्या (जुने संसर्ग लक्षात ठेवणाऱ्या, दीर्घकाळ जगणाऱ्या प्रतिकार पेशींच्या) डीएनएमध्ये विषाणूचा डीएनए आधीच गुंफला गेला आहे, त्यांच्यापर्यंत तिचा हात पोहोचत नाही. हा साठा निम्मा व्हायला सुमारे 44 महिने लागतात, म्हणून केवळ गोळ्यांनी तो संपायला 70 वर्षांहून अधिक काळ लागेल.

पीडी-१ हा टी पेशींवरचा (सीडी४ व सीडी८ या प्रतिकार पेशींवरचा) ब्रेक आहे, आणि तुम्ही वाचलेली कर्करोगाची औषधे हाच ब्रेक सैल करतात. सततच्या संसर्गामुळे विषाणूग्रस्त पेशी मारणाऱ्या सीडी८ पेशींवर तो वाढतो आणि त्या थकतात, हे 2006 मध्ये दाखवले गेले. शिवाय पीडी-१ आणि त्याच्यासारखेच ब्रेक असलेले लॅग-३ व टिजिट हे रेणू ज्या सीडी४ पेशींवर एकत्र असतात, त्यांत विषाणूचा डीएनए विशेष जास्त आढळतो, असे 2016 मध्ये दिसले. माझ्या मते यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, पेशीला शांत ठेवणारा संदेशच तिच्या आतल्या विषाणूलाही झोपवून ठेवतो.

उत्तर २
वरील विवेचन योग्य आहे, पण विषाणूला जागे करणे म्हणजे त्याला संपवणे नव्हे. एचआयव्ही आणि कर्करोग दोन्ही असलेल्या 32 जणांना पेम्ब्रोलिझुमॅब हे पीडी-१ रोखणारे औषध दिल्यावर सीडी४ पेशींतील विषाणूचा आरएनए थोडा वाढला, म्हणजे काही विषाणू जागा झाला. साठा मात्र रिकामा झाला नाही. त्याआधी, कर्करोग नसलेल्या एचआयव्हीबाधितांवरील पीडी-एल१ (पीडी-१ चा ब्रेक दाबणारा रेणू) विरोधी औषधाच्या एका चाचणीत नवे सहभागी घेणे आठ जणांनंतरच थांबवावे लागले, कारण त्याच औषधाच्या माकडांवरील प्रयोगात डोळ्याच्या पडद्याला इजा आढळली होती. एका सहभागी व्यक्तीला पिट्युटरी ग्रंथीचा दाहही झाला. ब्रेक सैल झाला की थायरॉइड, फुप्फुसे, आतडी यांवर स्वतःचीच प्रतिकारशक्ती उलटू शकते. कर्करोगात हा धोका पत्करता येतो. गोळ्यांवर ठणठणीत असलेल्या माणसाला त्यात ढकलणे मला योग्य वाटत नाही.

प्रश्नकर्ती
आभारी आहे. मग साठा मोजण्यासाठी त्याने काही दिवस गोळ्या थांबवून पाहाव्यात का?

उत्तर २
कृपया तसे करू देऊ नका. गोळ्या थांबवल्यावर विषाणू बहुतेकांमध्ये काही आठवड्यांतच परततो, आणि 5,472 जणांच्या स्मार्ट चाचणीत उपचार खंडित करणाऱ्या गटात आजार व मृत्यू अधिक आढळले.