मदत हवी आहे: भाचीला इंडियन विमेन्स लीग २ मधल्या क्लबचं बोलावणं, करारात काय बघावं?

नमस्कार मंडळी. महिला फुटबॉल खेळलेलं, शिकवलेलं किंवा घरातली मुलगी परराज्यात खेळायला पाठवलेलं कुणी इथे असेल तर सल्ला हवा आहे.

माझी भाची १७ वर्षांची, कोल्हापुरात बारावीला आहे. लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूची बचावपटू म्हणून खेळते. चेंडू मिळाला की लाईन धरून वर जाते आणि पळता पळता डाव्या पायाने असा क्रॉस टाकते की पुढचीला फक्त डोकं लावायचं काम उरतं. परराज्यातल्या एका क्लबने तिला पुढच्या हंगामासाठी बोलावलंय. क्लब दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे आयडब्ल्यूएल २ मध्ये खेळतो. राहणं-जेवण त्यांच्याकडे, वर मानधन, असं फोनवर सांगितलं. कराराचा कागद मागितला की "आधी मुलीला पाठवा, मग बघू" म्हणतात. ताई तयार आहे, दाजी नाहीत, आणि चौकशी माझ्याकडे आली आहे.

लीग मी पहिल्यापासून बघतोय. २०१७ चा पहिला हंगाम दिल्लीत झाला, मुख्य फेरीत ६ संघ होते आणि त्यात एफसी पुणे सिटी होता. मणिपूरचा ईस्टर्न स्पोर्टिंग युनियन जिंकला. पुढे कोल्हापूर सिटीचा संघही उतरला. ज्या गावात शाहू स्टेडियमवर पेठांच्या सामन्यांना पोरं भिंतीवर चढून बसतात, तिथल्या मुलींना गावाचं नाव घेऊन देशभरच्या संघांशी खेळता आलं, याचं मला फार अप्रूप होतं.

तेव्हा सगळे संघ एकाच शहरात जमायचे आणि थोडक्यात लीग उरकायची. २०२२-२३ मध्ये अहमदाबादला १६ संघ आले आणि महिन्याभराच्या आत सगळं संपलं. उरलेलं वर्ष मुलींनी काय करायचं? २०२३-२४ पासून होम-अवे, म्हणजे प्रत्येक संघाशी एकदा आपल्या आणि एकदा त्यांच्या मैदानावर खेळणं सुरू झालं, संघ ७ आणि प्रत्येकाला १२ सामने. हा बदल योग्यच होता, खेळाडू सामन्यांतूनच घडते. पण महिनोन् महिने संघ सांभाळायचा, प्रवास करायचा, स्वतःचं मैदान उभं करायचं, हे छोट्या क्लबांच्या आवाक्यात कुठून येणार? त्या ७ संघांत महाराष्ट्र-गोव्यातला एकही नव्हता. पुढच्या वर्षी ८ झाले, तरी नव्हता. नंतर गोव्याची सेसा अकादमी दुसऱ्या श्रेणीतून वर चढली, तेवढाच दिलासा. म्हणजे आमच्या पोरीला खेळायचं तर घर सोडणं आलंच.

माझी खरी काळजी कराराची आहे. ओडिशा एफसी २०२३-२४ ला विजेता होता आणि लगेच पुढच्या हंगामात खालच्या श्रेणीत गेला. विजेत्याचं असं होतं, तर छोट्या क्लबने हंगामाच्या मध्येच हात वर केले तर मुलीचं काय? अशा वेळी तिला दुसऱ्या क्लबकडे जाता येतं का, की नोंदणी अडकून पडते? अखिल भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या सीआरएसमध्ये, म्हणजे खेळाडू नोंदणीच्या ऑनलाइन यंत्रणेत, नोंदणी झाली की नाही हे पालकांना स्वतः तपासता येतं का?

मानधनाचंही नीट कळत नाहीये. २०२३ मध्ये फेडरेशनने ठरवलं होतं की वरच्या लीगमधल्या क्लबांनी किमान १० भारतीय खेळाडूंशी वर्षाला किमान ३.२० लाखांचे करार करावेत. त्या १० जणींच्या बाहेरच्या मुलीला प्रत्यक्षात किती मिळतं? दुसऱ्या श्रेणीत महिन्याच्या महिन्याला पैसे देतात की सामन्यामागे? १८ वर्षांखालच्या खेळाडूला ३ वर्षांहून जास्त मुदतीचा करार करता येत नाही, हा फिफाचा नियम मला माहीत आहे. त्यापलीकडे दुखापतीचा खर्च, विमा, परीक्षेसाठी सुट्टी, या गोष्टी लेखी कशा मागायच्या? कुणाकडे तशा कराराचा नमुना असेल तर नावं झाकून दाखवाल का?

बारावीची परीक्षा बुडवायची नाही, हे घरात पक्कं आहे. पर्याय म्हणून एक वर्ष इथेच राज्याच्या लीगमध्ये खेळून मग गोव्याकडे प्रयत्न करावा, असं माझ्या मनात आहे. या वयात एक वर्ष थांबल्याने संधी हुकते का, हे ज्यांनी मुली घडवल्यात त्यांनी सांगावं.

क्लबला या महिनाअखेर उत्तर द्यायचंय. उघडपणे लिहायचं नसेल तर व्यनि केलात तरी चालेल.