१९७३ ची डॅटसन २४०झेड: मूळचे कार्ब्युरेटर ठेवू की बदलू?

मंडळी, मदत हवी आहे. इथे न्यू जर्सीत दोन वर्षं खपून २४०झेड ही जुनी जपानी स्पोर्ट्स कार उभी केली. बॅटरीखालच्या पत्र्याची गंजून चाळण झाली होती, तो नवा बसवला. २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन थंड असताना झकास चालतं. तापलं की सिग्नलला आचके देऊन बंद पडतं आणि पंधरा-वीस मिनिटं सुरूच होत नाही. पंप, फिल्टर, प्लग, पॉइंट्स तपासले. मला संशय व्हेपर लॉकचा आहे, म्हणजे उष्णतेने पेट्रोलची नळीतच वाफ होऊन पुरवठा अडतो. यावर उपाय म्हणून बरेच जण या सालचे सपाट डोक्याचे कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारे भाग) काढून १९७०-७२ चे गोल डोक्याचे बसवतात. पण गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहावी, असं मला फार वाटतं. फक्त पेट्रोलच्या नळीला उष्णतारोधक वेष्टण लावून कुणाचं काम भागलंय का?